काळी चार

शेनली, मिल्टन कीन्स
शनिवार, ९ मार्च २०२४

अक्षया,

सुरुवातीला आशीर्वाद लिहायला गेलो आणि पेन थांबलं. तो लिहिण्याइतका मी तुझा उरलोय का, ठाऊक नाही. म्हणून आपलं नुसतंच अक्षया.

तुझं पाकीट मंगळवारी आलं. मला वाटलं कौन्सिलचं काहीतरी असेल, म्हणून दिवसभर ते फ्रीजवर तसंच पडून होतं. संध्याकाळी आशाकाकूने उघडलं आणि ओरडलीच, "अहो, ही आपली अक्षया!" डोक्यावर हॅट, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, नाकात तुझ्या आईची, श्यामलावहिनींची चमकी, आणि मागे काय, तर मिल्टन कीन्सचा राउंडअबाउट! अगं, कंट्री गाणारी माणसं घोड्याशेजारी उभी राहतात म्हणे. तुला फोटोला राउंडअबाउटच मिळाला का? पण आलाय चांगला. काकूने तो टीव्हीशेजारी ठेवलाय आणि घरी येईल त्याला दाखवते, "ह्यांची विद्यार्थिनी." मी अशा वेळी चहा टाकायला उठतो.

सोबत आलेली तुझी सीडी वाजवायला घरात आता काही नाही. फक्त आमच्या म्हाताऱ्या होंडात प्लेअर उरलाय. तेव्हा गुरुवारी सकाळी गाडी काढली आणि एच-सिक्स रस्त्यावरून व्ही-सेव्हनला, तिथून एच-एटला, पुन्हा मागे, असा तुझा 'रेडवे' अल्बम संपेपर्यंत फिरत राहिलो. नऊ गाणी, एकेचाळीस मिनिटं. काकूला वाटलं मी सॅटनॅव्ह असून हरवलो.

खोटं कशाला बोलू, पहिल्या गाण्याला मी नाक मुरडलं. बँजो म्हणजे मला पत्र्यावर गारा पडल्यासारखा वाटतो. पण दुसऱ्या कडव्यात तू खाली उतरलीस, पार खालच्या पंचमापर्यंत, आणि माझा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून निघाला. मागचा हॉर्न वाजवायला लागला. म्हटलं, वाजव बाबा, मी कामात आहे. असा खर्ज बाईच्या गळ्यातून मी कधी ऐकला नव्हता, पुरुषांच्याही फार थोड्या गळ्यांतून ऐकलाय. कुठे घरघर नाही, कुठे दाबल्याची खूण नाही. मिरजेत आमच्या गल्लीत तंबोरा करणारे आधी भोपळ्यावर टिचकी मारून बघायचे, आतून भरीव बोलला तरच तो घ्यायचे. तुझा आवाज तसा बोलतो.

मग माझ्यातला मास्तर जागा झाला. तुझं हे कंट्री म्हणजे निम्म्याहून जास्त भूप आहे गं! चौथं गाणं तर सरळसरळ भूप, फक्त मध्येच तू भूपाला वर्ज्य असलेला शुद्ध मध्यम लावतेस, तोही इतका बेधडक, की रागवायला जावं तर हसू येतं. ती बसून वाजवायची स्टील गिटार अशी मींड घेते की आमच्या सारंगीवाल्यांनी खाली मान घालावी. तिसऱ्यात भजनी ठेका, तोही पखवाजावर नाही, कसल्याशा खोक्यावर बसून तेच खोकं बडवलेलं. आणि एम-वनवरच्या लॉरी ड्रायव्हरच्या गाण्यात एकोणतीसचा पाढा! एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. गाडीत बसलीस की वहिनी तुझ्याकडून हाच म्हणवून घ्यायच्या आणि तू रडकुंडीला यायचीस. मी एकटाच मोठ्याने हसलो.

आणि वर जाताना तू मुद्दाम आवाज फोडतेस. तुमच्या गाण्यात तीच शोभा म्हणे. आम्ही जन्मभर जे झाकायला शिकवलं ते तू उघड्यावर मांडलंस, आणि च्यायला, कानाला गोड लागतं.

आता मुद्द्याचं. २०१०च्या दिवाळीच्या कार्यक्रमात, अभंगाच्या शेवटी, तार षड्जावर तुझा आवाज फाटला. नंतर चहाच्या टेबलाशी चार लोकांदेखत मी म्हणालो, "हिला गळाच नाही, मी तरी काय करणार!" तू मागेच उभी होतीस, हातात चकल्यांची डिश घेऊन. सोळा वर्षांची होतीस. नऊ वर्षांची असल्यापासून दर शनिवारी येणारी मुलगी त्या दिवसानंतर क्लासला आली नाही. पुन्हा दिसलीस ती थेट दोन वर्षांपूर्वी, वहिनींच्या अंत्यविधीला, आणि तिथेही मी फक्त मान हलवली. चौदा वर्षांनी माफी मागायची म्हणजे वरातीमागून घोडं, पण मागतो. मी तसं बोलायला नको होतं.

सीडीतल्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर तू लिहिलंयस, "विष्णूकाकांना, ज्यांनी मला माझा सा दिला." काकू ते वाचून रडली. माझी विनंती आहे, ते काढून टाक. एप्रिलमध्ये मोठ्या काळ्या रेकॉर्डही छापून येणार आहेत असं तुझ्या चिठ्ठीत आहे. निदान त्यांवर तरी माझं नाव नको. कारण विचारू नकोस.

सहावं गाणं, 'ब्राऊन एन्व्हलप', मी एकदाच ऐकलं. हॉस्पिटलचं पत्र आलेलं असताना आईने ते तुला दाखवलं नाही, ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं, गळा जाईपर्यंत तुला गाऊ दिलं, आणि तरी तू तिला माफ करतेस. बरोबर ना? ते लागलं की मी आता बटण दाबून सातव्यावर जातो. त्याच्याबद्दल आज काही लिहीत नाही.

गरम पाणी पीत जा.

विष्णूकाका


शेनली
रविवार, २४ मार्च २०२४

अक्षया,

तुझं कार्ड आलं. मराठीत लिहिलंस! "तुमचा नाव मी नाही काढणार, भांडायचा असेल तर बर्मिंगहॅमला येऊन भांडा." आणि पुढे, "मी ती चकलीची डिश ठेवून नाही गेली काका, घेऊन गेली. कारमध्ये बसून सगळ्या खाल्ल्या." हे वाचून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. मी चौदा वर्षं तुला उपाशी घरी पाठवत होतो.

पण त्याखाली जे लिहिलंस त्याने झोप उडाली. ११ मेला, शनिवारी, बर्मिंगहॅमला तुझ्या अल्बमचा पहिला कार्यक्रम. त्यात 'ब्राऊन एन्व्हलप'ला हार्मोनियम हवी, आणि ती मीच वाजवायची, कारण "आईला ते आवडला असता."

मी हो-नाही काही ठरवलेलं नाही. पण गॅरेजमधून पेटी काढली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. दमट हवेने दोन सूर चिकटले होते, त्यांना काकूच्या हेअरड्रायरची हवा दिली तेव्हा कुठे बोलायला लागले. काकूने लॅपटॉपवर तुझं गाणं लावून दिलं आणि मी तुझा सा शोधायला बसलो. बोट सवयीने काळी चारवर गेलं. जुळेना. एकेक पट्टी खाली येत गेलो, पांढरी पाच, काळी तीन, पांढरी चार, पांढरी तीन. काळी दोनवर बोट ठेवलं आणि तुझा आवाज पेटीत जाऊन बसला.

अगं, काळी दोन ही माझी पट्टी! मी स्वतः त्यातच गातो.

आठवतो ना आपला क्लास? कम्युनिटी सेंटरचा हॉल, तुम्ही चौदा मुली, एक पेटी, तानपुऱ्याचं एक मशीन, दीड तास, आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत झुम्बावाल्या बायका दारात उभ्या राहून घड्याळ बघायच्या. प्रत्येकीचा सा वेगळा काढत बसलो असतो तर एकीचंही गाणं झालं नसतं. मुली म्हटलं की काळी चार. मिरजेत मास्तरांनी माझ्या बहिणीला ती दिली, मी तुम्हा सगळ्यांना दिली. नवव्या वर्षी तुला ती चालली. चौदाव्या वर्षी तुझा आवाज खाली यायला लागला, आणि मी दर शनिवारी त्याला बखोटीला धरून वर आणून बसवत होतो. "बायकी लाव, बायकी लाव," असं ओरडायचो, बाकीच्या मुली खुदुखुदु हसायच्या. आणि तू पुस्तिकेत लिहितेस, मी तुला तुझा सा दिला.

मी सराव करत होतो तेव्हा काकू दारात उभी होती, खांद्याला भाजीची पिशवी तशीच. गाणं संपल्यावर म्हणाली, "अहो, मला शब्द कळले ते बरोबर का? श्यामलाने पत्र लपवलं?"

"तसं गाण्यात आहे खरं," मी म्हणालो.

"श्यामलाने? डेंटिस्टचं रिमाइंडर आलं तरी ती बाई मला फोन करून दोनदा वाचून दाखवायची. पोरीच्या गळ्याचं पत्र आणि ड्रॉवरमध्ये टाकेल? काहीतरीच!"

"मला काय माहीत," मी म्हणालो आणि पेटीचा भाता लावून टाकला. आमच्या लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली. तिच्याशी मी खोटं बोललोय ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. त्यात हे एक वाढलं.

तर ११ मेला येतो. पेटी गाडीत टाकून आणतो, तुमच्या माइकवाल्याला सांगून ठेव की भात्याची फुसफुस माइकमध्ये येता कामा नये.

विष्णूकाका

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून हे लिहितोय. तुझ्या आईने ते पत्र लपवलं नव्हतं. मला माहीत आहे, कारण ते माझ्याकडे होतं. बाकीचं लिहायला मला थोडे दिवस दे.


शेनली
रविवार, १४ एप्रिल २०२४

अक्षया,

तुझे तीन फोन आले, मी उचलले नाहीत. चौथा काकूने उचलला तेव्हा मी बागेत जाऊन शेडच्या मागे उभा राहिलो. त्र्याहत्तर वर्षांचा घोडा! पण फोनवर मला हे बोलता येणार नाही. तू गप्प राहिलीस की मी माझी बाजू मांडायला लागेन, आणि त्यात मी फार तरबेज आहे. कागदावर निदान खोडता येतं. हा चौथा कागद आहे.

२०१०च्या ऑक्टोबरात तुझा घसा महिनाभर बसलेला होता. आपल्या नेहमीच्या डॉक्टरने, जीपीने, हॉस्पिटलला पाठवलं, तिथे नाकातून कॅमेरा घालून बघितलं, ते तुला आठवत असेल. त्यांचं पत्र वहिनींच्या नावे आलं. वहिनी ते घेऊन त्याच शनिवारी क्लासला आल्या. क्लास सुटला होता, तू बाहेर खुर्च्या रचत होतीस. पत्रात होतं की स्वरयंत्रावर दोन बारीक गाठी आल्या आहेत, सहा महिने गाणं पूर्ण बंद ठेवावं, आणि नंतरही उंच पट्टीत गाऊ नये. शेवटचं वाक्य मला अजून पाठ आहे. हिचा नैसर्गिक आवाज विलक्षण खालचा आहे, तो तसाच वाढू द्यावा.

वहिनी म्हणाल्या, "भावोजी, दिवाळीचा कार्यक्रम राहू दे का?"

आणि मी काय म्हणालो ते शब्दशः लिहितो, कारण तुला ते कळायला हवं. "वहिनी, गाढवाला गुळाची चव काय! ह्या गोऱ्या डॉक्टरांना ऑपेरा कळतो, आपला रियाज कळत नाही. घासल्याशिवाय गळा उघडत नाही. तीन आठवड्यांवर कार्यक्रम आलाय, तिला हे दाखवलंत तर ती घाबरेल आणि बेसूर होईल. आणा इकडे ते."

मी पत्र घेतलं आणि पेटीच्या खोक्यात टाकलं. वहिनींनी एकदा हात पुढे केला होता, मग मागे घेतला. तुझे बाबा, आमचा संजय, गेल्यापासून तुझी शाळा, घराचा बॉयलर, गाडीची एमओटी तपासणी, काहीही असलं तरी त्या आधी मला विचारायच्या. विष्णूभावोजी म्हणतात म्हणजे बरोबर असणार. मी हॉस्पिटलपेक्षा मोठा आहे असं त्यांना वाटलं, आणि मला ते आवडलं.

खरं कारण तर याहून हलकं आहे. त्या वर्षी लंडनच्या मंडळाची माणसं आमचा कार्यक्रम बघायला येणार होती. चौदा मुलींत दाखवण्यासारखी तू एकटीच होतीस. तू नसतीस तर माझा क्लास म्हणजे नुसती पोरांना सांभाळण्याची सोय होती, हे त्यांना पाच मिनिटांत कळलं असतं.

तुझा आवाज फाटला त्या क्षणी मला कळलं की का फाटला. हॉलमध्ये ते कळणारी माणसं दोनच होती, मी आणि वहिनी. म्हणून तर मी चहाच्या टेबलाशी जोरात ओरडलो, गळाच नाही, गळाच नाही. चोराच्या मनात चांदणं. सोमवारी ते पत्र मी कौन्सिलच्या रिसायकलिंगच्या गुलाबी पिशवीत घातलं. त्यामुळे तुला दाखवायला माझ्याकडे काही नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही ते तू ठरव.

पुढचं तुला अर्धं माहीत आहे. दोन वर्षांनी तू युनिव्हर्सिटीत गेलीस, तिथल्या जीपीच्या कॉम्प्युटरवर ते जुनं पत्र निघालं, आणि तू फोन करून आईला जाब विचारलास. त्याच संध्याकाळी वहिनींचा मला फोन आला. "भावोजी, मी तिला सांगितलं, पत्र मीच ठेवून दिलं होतं म्हणून."

मी म्हणालो, "असं का केलंत?" पण आतून मला हायसं वाटलं होतं, तेही लिहून टाकतो.

त्या म्हणाल्या, "आईवर रागावलेलं पोर कधी ना कधी परत येतं हो. तुमच्यावर रागावली तर ती गाण्यावरच रागवेल. तिकडे कुणाची तरी गिटार घेऊन पुन्हा गायला लागलीय ती, खालच्या आवाजात. परवा फोनवर गुणगुणत होती. आता त्यात कुणी काही आणायला नको. तुम्ही बोलू नका."

मी म्हणालो, "बरं."

बारा वर्षं मी बरं म्हणत राहिलो. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू दिवाळीला घरी यायची बंद झालीस. वहिनी मंडळात एकट्या यायच्या, लोक विचारायचे, अक्षया नाही आली? त्या म्हणायच्या, बिझी असते. मी शेजारी उभा राहून चिवडा खायचो. एकदा तुझं कसलं तरी गाणं रेडिओवर लागलं होतं, ते त्यांनी मला फोन धरून ऐकवलं. तू त्यांना सांगितलं नव्हतंस, त्यांना ते शेजारणीकडून कळलं होतं. त्या दिवशी तरी मी तुला फोन करायला हवा होता.

शेवटी शेवटी मी त्यांना हॉस्पिसमध्ये भेटायला गेलो. तू खाली कॉफी आणायला गेली होतीस. मी म्हणालो, "वहिनी, आता सांगू का तिला?" त्या म्हणाल्या, "आता रोज येते ती. कशाला?" झालं. त्या 'कशाला'मागे मी आणखी दोन वर्षं काढली.

तुझ्या गाण्यात तू जिला माफ करतेस तिने काही केलेलं नाही. ज्याने केलं त्याचे तू शेवटच्या पानावर आभार मानलेस, आणि वर त्यालाच त्या गाण्याला पेटीवर बसवायला निघालीस. आणि मी येतो म्हणालो होतो, अक्षया. माइकबद्दल सूचनाही दिल्या होत्या.

काकूला सगळं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर चहाचा कप आपटून म्हणाली, "पोरीला लिहिलंत का?" लिहिलं. ह्याच्यावर तुला जो राग येईल तो माझ्यावर काढ. ज्याच्यासाठी तुझ्या आईने तो दहा वर्षं स्वतःवर घेतला ते गाणं त्यातून वगळ, एवढंच सांगणं आहे. क्षमा मागत नाही. या घडीला तेही जास्त होईल.

विष्णू


शेनली
शुक्रवार, २६ एप्रिल २०२४

अक्षया,

बारा दिवस झाले. उत्तराची अपेक्षा करायला मी कोण? फक्त पत्र मिळालं की नाही तेवढं काकूला एका शब्दात कळव. मिळालं नसेल तर मी ते सगळं परत लिहीन. एकदा लिहिताना वाटलं होतं की पुन्हा जमणार नाही, पण जमेल.

विष्णू


किंग्ज हीथ, बर्मिंगहॅम
मंगळवार, ३० एप्रिल २०२४

विष्णूकाका,

लेटर मिळालं. उत्तर लगेच नाही दिलं. मी मराठी हळू वाचते, त्यामुळे पहिले दोन दिवस वाचण्यातच गेले. काही शब्द मी आशाकाकूला फोन करून विचारले. "हायसं" म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. तिने सांगितलं आणि मग ती पण रडली, मी पण. मी तिला म्हटलं काकांना सांगू नको, मीच लिहीन तेव्हा लिहीन.

नंतर चार-पाच दिवस मी कोणाशीच बोलली नाही. बँडमधल्या लोकांना वाटलं माझा गळा बसला.

मी खूप चिडली आहे. तुमच्यावर. गाण्यावर नाही, ते आईचं बरोबर होतं. तुम्ही क्षमा नाही मागितली ते चांगलं केलं, कारण मी आत्ता देऊ शकत नाही. नंतरचं मला माहीत नाही.

रेकॉर्ड छापून झाले, आता गाणं बदलता येत नाही. तुमचं नाव पण तिथेच आहे. राहू दे. सा तुम्ही दिला, चुकीचा दिला, पण मी नऊ वर्षांची होते तेव्हा मिल्टन कीन्समध्ये दुसरा कोणी देत नव्हता.

११ मेला मी ते गाणं जसं आहे तसंच गाणार आहे. मग माइकवर सांगणार आहे की हे गाणं चुकीच्या माणसाला माफ करतं, आणि माझ्या आईने काय केलं. तुम्ही हार्मोनियम आणू नका. तुम्ही समोर बसा. नाव घेईन तेव्हा मी तुमच्याकडे बघणार, तुम्ही खाली नाही बघायचं. काकूला पण आणा. नाही आलात तरी मी सांगणारच आहे, पण मला वाटतं तुम्ही याल.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही, कारण तेव्हा रूममध्ये आम्ही दोघीच होतो. शेवटचा आठवडा होता, दुपार होती, मी आईच्या डोक्याला तेल लावत होते. काय बोलायचं त्याची मी खूप दिवस प्रॅक्टिस केली होती, ट्रेनमध्ये, बाथरूममध्ये. मी म्हटलं, आई, ते लेटरचं, मी तुला माफ केलं. मला वाटलं ती रडेल, सॉरी म्हणेल. ती एकदम खूश झाली, काका. इतके महिने मी तिला तसं बघितलं नव्हतं. तिने माझा तेलाचा हात धरला आणि म्हणाली, थँक यू सोन्या, बरं झालं बाई. मला स्वतःचा इतका प्राउड वाटला, की मी किती मोठ्या मनाची. घरी जाऊन मी ते गाणं एका बैठकीत लिहिलं.

ती थँक यू म्हणाली, आणि मी तिला म्हटलं, इट्स ओके.

अक्षया